अळवावरचे पाणी आणि प्रथिनांची वहिवाट

अलिबागेहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या सडकेने आक्षीची खाडी मागे टाकली की नागावच्या वाड्या सुरू होतात. माडांच्या सावलीत पोफळी, पोफळींच्या सावलीत केळी, आणि त्याही खाली, विहिरीवरून आळ्यांकडे जाणाऱ्या पाटाच्या ओल्या काठाने अळू, अशी सावलीखाली सावली धरून बसलेली ही अष्टागराची भूमी. महसूल खात्याच्या दफ्तरात सदतीस वर्षे सातबारे, फेरफार आणि वहिवाटीच्या तंट्यांचे कागद चाळून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला या सावलीत बसून विचार करण्याखेरीज आता दुसरे काम नाही. आणि त्या विचाराला समोरासमोर हरकत घेणारे कोणी जवळ असावे, यापरते सुख नाही.

ते सुख मला माझ्या धाकट्या भावाच्या मुलीमुळे लाभते. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून उभ्या राहिलेल्या जुन्या ‘यूडीसीटी’त, तिचे शिक्षण झाले, आणि आता बहुवारिकांच्या, म्हणजे ज्यांना आपण सरसकट प्लास्टिक म्हणतो त्या द्रव्यांच्या, पृष्ठभागावर प्लाझ्माचे संस्कार करण्यात तिचे दिवस जातात. गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या वाडीचे शिंपणे पाहणारा गडी तापाने फणफणला. सहाव्या दिवशी त्याचे रक्त तपासणीला गेले आणि डेंग्यू असल्याचा लेखी दाखला आला. तेव्हा ती म्हणाली होती, “काका, हा निकाल प्लास्टिकच्या एका इवल्या वाटीत लिहिला गेला, आणि ती वाटी नीट घडली नसती तर तो लिहिलाच गेला नसता.” त्या वाक्याचा उलगडा मागण्याची संधी यंदा श्रावणात मिळाली. पडवीत चहा झाल्यावर तिने पिशवीतून झाकणाच्या दोन पारदर्शक बश्या काढल्या, माझ्या डोळ्यांच्या औषधाचे रिकामे ड्रॉपर धुऊन घेतले, आणि दोन्ही बश्यांत पाण्याचा एकेक थेंब सोडला. एकीत थेंब गोटीसारखा फुगून उभा राहिला. दुसरीत तोच थेंब पसरला, सपाट झाला, बशीला बिलगला. मोजणीची सवय हाताला असल्यामुळे मी पट्टी लावली. पहिला थेंब ६ मिलिमीटर, दुसरा ११.

पुतणी : दोन्ही बश्या एकाच पॉलिस्टायरीनच्या आहेत, काका. आपल्याच जिल्ह्यात, नागोठण्याजवळ आमडोशीला, या द्रव्याचा मोठा कारखाना आहे. पहिली बशी जशी आली तशी आहे. दुसरी मी परवा दोन मिनिटे प्लाझ्मात ठेवली होती. डोळ्यांना दोघींत काही फरक दिसतो का पाहा.

मी : दिसत नाही, पण पाण्याला तो दिसतो, एवढे खरे. तथापि माझी पहिली हरकत इथेच आहे. पहिल्या बशीतला थेंब पाहून मला पाटावरचे अळू आठवले. अळवावरचे पाणी ही म्हण आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो, पण मला त्यात अळवाचा गुण दिसतो : पाऊस चार महिने कोसळतो आणि ते पान कोणाचाही डाग अंगाला लावून घेत नाही. प्लास्टिकची सारी प्रतिष्ठा याच अलिप्तपणावर उभी आहे. ते कुजत नाही, गंजत नाही, कोणाशी संबंध जोडीत नाही, म्हणून तर ते औषधाला आणि अन्नाला चालते. मग ज्याचा धर्मच अलिप्तता, त्याला विजेच्या भट्टीत घालून संसारी का करावे?

पुतणी : भट्टी हा शब्द मात्र परत घ्यावा लागेल. एका बंद पात्रातली हवा पंपाने इतकी काढून घ्यायची की वातावरणाच्या दाबाचा काही हजारांशच उरावा; मग थोडा प्राणवायू सोडून त्यावर सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तने करणारे विद्युत्क्षेत्र लावायचे. इलेक्ट्रॉन वायूपासून सुटतात, पात्रात मंद प्रकाश भरतो, आणि विस्मय असा की त्या इलेक्ट्रॉनांचे तापमान अंशांत मांडले तर दहा हजारांच्याही वर जाते, पण वायू जवळजवळ आपल्या या पडवीइतकाच थंड राहतो. कारण इलेक्ट्रॉन इतके हलके असतात की जड रेणूंवर आदळून त्यांना फारसे तापवू शकत नाहीत. म्हणूनच उकळत्या पाण्याच्या आगेमागे मऊ पडणारी ही बशी त्यातून न वितळता बाहेर येते. विजेची नळी आपल्या माजघरात वर्षानुवर्षे जळत होती, तिच्यात हेच होते.

मी : प्लाझ्मा हे नाव मला परके नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा मी नोकरीत असताना पाहिली आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली कुलाब्याचे काम इथे आणावे लागले, आणि चुंबकसूचीला विक्षेप होऊ नये म्हणून इमारतीत लोखंडाचा लवलेश ठेवला नाही, हे तिथल्या कर्मचाऱ्याने मला अभिमानाने सांगितले होते. सूर्यावरून उधळलेला प्लाझ्मा पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळतो तेव्हा तिथली रेषा थरथरते. १८५९ च्या सप्टेंबरातल्या महावादळाची नोंद कुलाब्याच्या उपकरणांनी घेतली होती. ज्या पदार्थाच्या धक्क्याने आख्खी पृथ्वी थरथरते, त्याच्यापुढे ही कागदासारखी बशी!

पुतणी : त्याच अवस्थेचा हा चिमूटभर अंश, आणि तोही लगाम घातलेला. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली या विद्युद्भारित वायूला प्लाझ्मा हे नाव दिले. रक्ताच्या द्रवभागाला तेच नाव आधीपासून होते. माझ्या कामात हे दोन्ही प्लाझ्मा एकाच प्लास्टिकवर एकामागून एक येतात. पहिला प्लाझ्मा पृष्ठभागाच्या अगदी वरच्या काही नॅनोमीटरांपुरताच पोचतो. तिथले कार्बन आणि हायड्रोजनचे बंध तोडतो, आणि मोकळ्या झालेल्या जागी प्राणवायूचे गट बसवतो. हे गट पाण्याशी स्नेह धरतात. खालची सारी जाडी, तिचा पारदर्शकपणा, तिचा ताठपणा, सगळे अबाधित राहते.

मी : आमच्या भाषेत, जमीन तीच, फक्त सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात नवी नोंद पडली. ठीक. पण आता माझी दुसरी हरकत ऐक. थेंब पसरला म्हणजे पाणी चिकटले. प्रथिन चिकटते हे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि अळवावर पाणी ठरत नाही म्हणून तू बशी बदललीस, तर न बदललेल्या बशीवर प्रथिनही ठरत नसणार, हेच तुझे गृहीत आहे ना?

तिने यावर उत्तर न देता स्वयंपाकघरातून प्लास्टिकचा एक जुना डबा आणला, ज्यात कधीकाळी आमटी ठेवली होती आणि ज्याचा पिवळा तेलकटपणा दहा वेळा घासूनही निघालेला नव्हता, आणि तो माझ्यासमोर ठेवला.

पुतणी : हा डबा पाण्याला जवळ करीत नाही, पण तेलाला सोडीतही नाही. प्रथिनांची गोष्ट याच्यासारखी आहे, आणि इथेच अळवाची उपमा आपल्याला फसवते. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, पाण्यात असताना स्वतःभोवती गुंडाळून बसलेली : पाण्याशी पटणारे भाग बाहेर, तेलकट भाग आत. ती जेव्हा न बदललेल्या प्लास्टिकवर येते तेव्हा तिचे आतले तेलकट भाग पृष्ठभागाकडे ओढले जातात, घडी उलगडते, आणि प्रथिन अंगभर पसरून तिथे चिकटते. चिकटते पुष्कळ, सुटतही नाही. पण ज्या आकारामुळे ते काम करणार होते तो आकारच पुष्कळदा हरवतो. उकडलेल्या अंड्याचा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसे. आम्ही प्लाझ्माने पृष्ठभाग बदलतो तो केवळ अधिक प्रथिन बसावे म्हणून नव्हे. पाण्याशी मैत्री असलेली प्रथिनेही बसावीत, आणि बसताना त्यांनी आपली घडी शक्य तितकी मोडू नये, म्हणून.

या उत्तराने माझ्या हरकतीचा पाया काढून घेतला, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. अलिप्तपणाचे जे स्तोत्र मी गात होतो ते पाण्यापुरते खरे होते. प्रथिनांच्या बाबतीत तो अलिप्तपणा नसून एक प्रकारची बळजोरी होती, पाहुण्याला घरात घ्यायचे पण त्याचे हातपाय बांधून. आपल्या भाषेत दोन क्रियापदे आहेत ज्यांचा घोळ कोणी घरंदाज माणूस करणार नाही : धरून ठेवणे आणि नांदवणे. मी तिला हे म्हटले तेव्हा ती थबकली, आणि म्हणाली की तिच्या विषयात या दुसऱ्या शब्दाला प्रतिशब्द नाही, आणि तो असायला हवा होता.

मी : मग त्या वाटीत नांदते कोण, ते सांग.

पुतणी : पॉलिस्टायरीनची एक तबकडी, तिच्यात ९६ वाट्या, प्रत्येकीत जेमतेम एक तृतीयांश मिलिलिटर मावेल. १९६७ साली कॅट आणि ट्रेगियर यांनी दाखवले की प्रतिपिंडे साध्या प्लास्टिकच्या नळीला नुसती चिकटवून तपासणी करता येते. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पीटर पर्लमान यांनी तिला किरणोत्सर्गाऐवजी विकराची जोड दिली, आणि एलायझा जन्मली. आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, जी १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, ती डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या तपासणीचे असे संच तयार करून देशभरच्या सरकारी प्रयोगशाळांना पुरवते. २०२० च्या मे महिन्यात कोविडच्या प्रतिपिंडांचा पहिला देशी संचही तिथेच सिद्ध झाला. डेंग्यूच्या संचात वाटीच्या तळाशी आधीच एक प्रतिपिंड बसवलेले असते, जे माणसाच्या रक्तातले आयजीएम या जातीचे प्रतिपिंड पकडते. आपल्या गड्याच्या रक्तात पाचव्या दिवसाच्या सुमारास जे आयजीएम दिसू लागले ते तिथे अडकले. त्यावर विषाणूचे प्रतिजन, त्यावर विकर लावलेली खूण, आणि शेवटी रंगद्रव्य : आधी निळे, आम्ल घातल्यावर पिवळे. हा सगळा मनोरा तळाच्या त्या पहिल्या प्रतिपिंडावर उभा. ते वाय या रोमन अक्षरासारखे असते. त्याचे दोन हात वर मोकळे राहिले तर ते पकडते, आणि हातच प्लास्टिकला चिकटले तर ते तिथे असून नसल्यासारखे.

मी : आणि प्लाझ्मा दिलेल्या पृष्ठभागावर सगळ्यांचे हात वर राहतात?

पुतणी : नाही. मोठा हिस्सा तरीही आडवा पडतो, निकामी होतो. आम्ही प्रमाण सुधारतो. पूर्ण शिस्त अजून लागलेली नाही. संचांसाठी जास्त पकड असलेल्या वाट्या करणारे कोणी किरणांनी संस्कार करतात, कोणी प्लाझ्माने, आणि आपली कृती गुप्त ठेवतात.

मी : तर मग माझी तिसरी हरकत, आणि ही मी महसुली अनुभवावरून घेतो. जी जमीन सुपीक केली तिच्यावर सगळेच डोळा ठेवतात. तुझ्या वाटीने प्रतिपिंडाला आसरा दिला; पण रुग्णाच्या रक्तात हजार प्रथिने आहेत, त्यांनाही ती तितक्याच आनंदाने घेईल. तिथे खोटा पिवळा रंग उमटला तर निरोगी माणसाच्या हाती डेंग्यूचा दाखला पडेल.

पुतणी : म्हणूनच प्रतिपिंड बसले की उरलेली रिकामी जागा आम्ही आधीच भरून टाकतो : दुधातल्या केसीनने किंवा गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनने. पडीक ठेवलेल्या जागेत कोणीही शिरतो. म्हणून जो निरुपद्रवी आहे त्याला आधीच बसवून टाकायचे. पकड जितकी वाढवावी तितका हा बंदोबस्त अधिक चोख लागतो, ही तुमची हरकत मला मान्य आहे. आणि वहिवाटीचा तंटा तर खराखुरा होतो, काका. लिओ व्रोमान नावाचे डच शास्त्रज्ञ, डच भाषेतले नामवंत कवीही, महायुद्धात जपान्यांच्या बंदिवासात राहून पुढे अमेरिकेत रक्ताचा अभ्यास करीत होते. त्यांना दिसले की रक्तद्रव पृष्ठभागाला लागला की जी प्रथिने विपुल आणि चपळ ती आधी जागा घेतात. पण थोड्या वेळाने, ज्यांचा ओढा अधिक बळकट अशी मागाहून येणारी प्रथिने त्यांना उठवून तिथे बसतात. फायब्रिनोजेन येते, बसते, आणि अधिक बळकट ओढ्याचे किनिनोजेन त्याला हटवते. याला व्रोमान परिणाम म्हणतात.

मी : म्हणजे कब्जा आणि हक्क यांतला भेद! सातबाऱ्याच्या सदतीस वर्षांत मी हेच पाहिले : जो आधी येऊन बसला त्याचे नाव पीकपाहणीत लागते खरे, पण त्यावरून त्याचे मूळ तिथे किती खोल गेले आहे ते कळत नाही. १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याची वहिवाट पक्की केली, ती त्याच्या कसण्यामुळे. तुझ्या विषयालाही ही कसोटी लावता येईल : किती प्रथिन बसले हे न विचारता, बसलेल्यांपैकी किती कसत आहेत, हे विचारावे.

पुतणी : हाच प्रश्न आमच्या प्रयोगांत पुष्कळदा मागे राहतो, कारण किती बसले ते मोजणे सोपे : एका चौरस सेंटिमीटरवर काहीशे नॅनोग्रॅम, असा आकडा मिळतो आणि तो तक्त्यात शोभतो. किती जिवंतपणे काम करतात ते मोजायला अधिक वेळ आणि अधिक द्रव्य लागते.

मी : आता शरीराच्या आतले बोल. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली हृदयाची झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसवली. तिची उघडझाप करणारी चकती पॉलिएथिलीनची, असे मी वाचले आहे. तिथे प्रथिन बसले की रक्त गोठण्याची साखळी सुरू होणार. तिथे तरी अळवाचा धर्म श्रेष्ठ, की तिथेही प्लाझ्मा?

पुतणी : तिथेही प्रथिन बसतेच; रक्तात बुडालेली कुठलीही वस्तू कोरी राहत नाही. प्रश्न एवढाच की कोण बसते आणि कोणत्या अवस्थेत. अल्ब्युमिनचा शांत थर बसला तर गोठण्याची प्रवृत्ती कमी. फायब्रिनोजेन उलगडून बसले तर रक्तबिंबिका लगेच तिथे गोळा होतात. याउलट, त्वचेच्या किंवा हाडाच्या पेशी ज्या बशीत वाढवायच्या तिथे फायब्रोनेक्टिन नावाचे प्रथिन आपला आकार राखून बसावे लागते, नाहीतर पेशी पाय रोवीत नाहीत. म्हणून पेशी वाढवायच्या पॉलिस्टायरीनवर असाच संस्कार केलेला असतो. एकच पृष्ठभाग सर्वांना चालणार नाही. पृष्ठभागाला पाहुणा ओळखून वागावे लागते.

मी : शेवटची हरकत, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. तू नोंद केलीस, पण ती कायम आहे का? आक्षीचा तो शिलालेख, जो शके ९३४ चा मानतात, तो दगडात छिन्नीने खोदला म्हणून हजार वर्षे राहिला. तुझे अक्षर काही नॅनोमीटर खोल.

पुतणी : कायम नाही. बहुवारिकाच्या साखळ्या स्थिर दिसल्या तरी पृष्ठभागाजवळ त्या हळूहळू हलत असतात. कोरड्या हवेत ठेवले तर प्राणवायूचे गट आत वळतात, तेलकट भाग वर येतात, आणि पृष्ठभाग आपल्या मूळ स्वभावाकडे परततो. काही दिवसांत, काही आठवड्यांत. म्हणून संस्कारानंतर प्रथिन लवकर बसवायचे. एकदा ते नीट बसले की परतण्याची वाट बंद होते; मग पाहुणाच घराला बदलू देत नाही.

मी : म्हणजे मुदतीचा पट्टा. मुदतीत ज्याने लागवड केली त्याचे झाड उभे राहते.

आमचे बोलणे संपले तेव्हा ऊन कलले होते आणि पाट सोडण्याची वेळ झाली होती. वाडीत शिरताना मी तिला पोफळींखाली पडलेल्या विऱ्या दाखवल्या, ज्यांच्या खोलगट पोटात पावसाचे पाणी साचते आणि ज्यांच्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. गेल्या वर्षीचा ताप इथूनच आला असावा अशी माझी समजूत आहे. तुझ्या साऱ्या वाट्यांपेक्षा ही एक विरी वेळेवर पालथी केली असती तर अधिक काम झाले असते, असे मी म्हणालो. तिने ते नाकारले नाही. ती म्हणाली, कोणत्या गावात विऱ्या पालथ्या करायला आरोग्यखात्याची माणसे आज धाडायची, हे ठरवायला कुठून किती दाखले आले ते कळावे लागते, आणि चुकीचा दाखला माणसांना चुकीच्या गावी धाडतो. मग आम्ही दोघांनी मिळून मोजून एकोणतीस विऱ्या उपड्या केल्या.

जाताना तिने दोन्ही बश्या माझ्याकडे ठेवल्या. दर रविवारी सकाळी मी तेच ड्रॉपर घेऊन एकेक थेंब सोडतो, पट्टी लावतो, आणि जुन्या जमाबंदीच्या वहीत तारीख घालून नोंद करतो. कोऱ्या बशीतला थेंब पहिल्या दिवशी ६ मिलिमीटर होता, आजही ६ आहे. दुसरीतला ११ वरून पुढच्या रविवारी १०, मग ९, आणि मागच्या दोन रविवारी ९ वरच थांबला आहे. तो ६ पर्यंत परत गेलेला नाही. मी तिला हे कळवले तेव्हा तिने लिहिले की बहुतेक असेच होते, पृष्ठभाग परततो पण पुरता परतत नाही. आणि विचारले, थेंब सोडण्यापूर्वी बशी प्रत्येक वेळी वाळलेली असते ना? मी वहीत त्यासाठी आणखी एक रकाना आखला आहे.